वेस फेरेलचे शंभर

वेस फेरेल १९२७ ते १९४१ या काळात अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू फेकणारा, क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा) म्हणून खेळला आणि त्यानं १९३ सामने जिंकले. चांगला आकडा आहे, पण एवढ्यावर कुणाची नजर खिळावी असा नाही. नजर खिळते ती त्याच्या बॅटिंगच्या रकान्यातल्या शेवटच्या आकड्यावर. तिथं कारकिर्दीचा ओपीएस प्लस आहे १००. या मापात १०० म्हणजे लीगमधला बरोबर सरासरी फलंदाज, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. सर्वसाधारण असण्याचं इतकं मोठं कौतुक दुसऱ्या कुठल्या खेळाडूच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक उदाहरण पुरे. चंद्रशेखरनं ५८ कसोटींत २४२ बळी घेतले आणि धावा काढल्या १६७. बळी जास्त, धावा कमी. बेसबॉलचे बहुतेक पिचर बॅट हातात घेतल्यावर याच जातीचे. अशा माणसानं सगळी कारकीर्द मधल्या फळीतल्या फलंदाजाच्या तोडीनं खेळून काढली तर जे वाटेल, ते फेरेलचे १०० पाहून वाटतं.

पण हा आकडा आला कुठून? पिचरच्या बॅटिंगची लीगच्या सरासरीशी तुलना ऐकायला सोपी वाटते. करायला बसलं की पहिल्याच पायरीला प्रश्न उभा राहतो: लीगची सरासरी, म्हणजे नेमकी कुणाची?

आधी मापं समजून घेऊ. बेसबॉलमधली बॅटिंग सरासरी क्रिकेटसारखी नाही, तिचा बाद होण्याशी थेट संबंध नाही. हिट (चेंडू मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या चार ठाण्यांपैकी एकावर, सुखरूप पोचणं) भागिले अ‍ॅट-बॅट, इतकंच. दहा अ‍ॅट-बॅटमध्ये तीन हिट झाले की .३००, आणि बोलताना ‘तीनशे’. ऑन-बेस टक्केवारीत हिटबरोबर वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यानं फुकट मिळालेला पहिला बेस) आणि अंगावर चेंडू लागून मिळालेला बेसही धरतात. स्लगिंगमध्ये एका फटक्यावर किती बेस गाठले ते पाहतात: सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होम रनला ४ बेस मोजून त्या बेरजेला अ‍ॅट-बॅटनं भागतात. ऑन-बेस आणि स्लगिंगची बेरीज म्हणजे ओपीएस.

खरा घोटाळा असतो भाजकात. अ‍ॅट-बॅट म्हणजे बॅटिंगला आलेली प्रत्येक पाळी नव्हे. वॉक मिळाला की ती पाळी अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. सॅक्रिफाइस बंट, म्हणजे चेंडू बॅटनं हलकेच अडवून स्वतः बाद होऊन पुढच्या धावपटूला एक बेस सरकवणं, तोही अ‍ॅट-बॅट नाही, आणि ऑन-बेसच्या भाजकातही येत नाही. पिचरच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. पहिल्या बेसवर माणूस आहे, एकच गडी बाद आहे किंवा तोही नाही, आणि पिचर बॅटिंगला आलाय: प्रशिक्षकाची खूण ठरलेली, बंट. त्याचा बंट यशस्वी झाला की ती पाळी हिशेबातून पुसली जाते. म्हणून पिचरची सरासरी नुसती पाहू नये. एकूण पाळ्या, अ‍ॅट-बॅट आणि सॅक्रिफाइस हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्याच्या शंभर पाळ्यांत पंधरा बंट आहेत आणि ज्याच्या दोन आहेत, त्यांची .१५० ही सरासरी एकच गोष्ट सांगत नाही.

नियमही एक राहिलेले नाहीत. उंच मारलेला चेंडू झेलला गेला पण तिसऱ्या बेसवरचा माणूस धाव घेऊन घरी पोचला, तर आज ती सॅक्रिफाइस फ्लाय धरतात आणि फलंदाजाच्या नावावर अ‍ॅट-बॅट चढत नाही. १९३१ ते १९३८ या काळात ही सवलत नव्हती. १९३९ मध्ये वर्षभरासाठी ती परत आली, पुन्हा गेली, आणि कायमची आली १९५४ मध्ये. म्हणजे फेरेलच्या भरातल्या वर्षांत अशा फटक्यानं धाव मिळवून दिली तरी त्याची सरासरी खालीच येत होती. ही झळ त्या काळातल्या सगळ्यांनाच लागली, म्हणून लीगच्या सरासरीशी तुलना केली की ती आपोआप फिटते. पण फेरेलचा आकडा उचलून २०१५ सालच्या पिचरशेजारी सरळ मांडला, तर फिटत नाही.

लीगच्या सरासरीशी तुलना करायची ती यासाठीच. मेजर लीगमध्ये दोन लीग आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० साली नॅशनल लीगची सगळ्यांची मिळून सरासरी .३०३ होती. १९६८ साली अमेरिकन लीगची सरासरी .२३० पर्यंत उतरली आणि कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ करून बॅटिंगचा किताब घेऊन गेला. एका वर्षी ज्याला सर्वसाधारण म्हणतात, ते अडतीस वर्षांनी सर्वोत्तम ठरतं. नुसत्या सरासरीवरून कुणी पिचरच्या बॅटिंगचा निवाडा करत असेल, तर त्याला आधी विचारावं: कुठल्या वर्षीची, कुठल्या लीगमधली?

आता तो पहिल्या पायरीचा प्रश्न. फेरेलच्या काळात लीगच्या सरासरीत पिचरही असत. समजा, लीगमधल्या दर शंभर अ‍ॅट-बॅटपैकी ६ पिचरच्या आहेत, त्यांची सरासरी .११०, आणि बाकीच्यांची .२५५. सगळ्यांची मिळून सरासरी येते .२४६. नऊ अंकांचा फरक एकट्या पिचरांनी पाडला. पिचरची तुलना .२४६ शी केली, तर त्याच्याच जातभाईंनी खाली ओढलेल्या पट्टीनं त्याला मोजलं असं होईल. म्हणून ओपीएस प्लस काढताना पिचरांची बॅटिंग लीगच्या आकड्यातून वगळतात. फेरेलचे १०० हे रोज खेळणाऱ्या, बॅटिंगवरच पोट असलेल्या फलंदाजांच्या पट्टीवरचे १०० आहेत. आकड्याचं वजन इथं कळतं.

याच कारणानं १९७३ नंतरच्या दोन लीग सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. त्या वर्षी अमेरिकन लीगनं डेझिग्नेटेड हिटर आणला, पिचरच्या जागी बॅटिंग करणारा वेगळा खेळाडू. नॅशनल लीगमध्ये पिचर बॅट घेऊन येतच राहिले. एका लीगच्या सरासरीत पिचर नव्हते, दुसरीच्या होते.

ओपीएस प्लसचं गणित असं. खेळाडूची ऑन-बेस भागिले लीगची ऑन-बेस, अधिक खेळाडूची स्लगिंग भागिले लीगची स्लगिंग, वजा १, आणि आलेल्याला गुणिले १००. लीगचे आकडे त्याच्या घरच्या मैदानाप्रमाणे कमीजास्त करून घ्यायचे. दोन्ही गुणोत्तरं १ असली की उत्तर १००. दोन्ही अर्धी असली की उत्तर शून्य. ही दुसरी ओळ पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ओपीएस प्लस २० म्हणजे सरासरी फलंदाजाच्या वीस टक्के, असं वाचलं जातं आणि ते साफ चूक आहे. शून्याच्या पाटीवर उभा असलेला खेळाडूसुद्धा सरासरीच्या निम्म्यानं बेसवर पोचतोय. पिचरांच्या यादीत उणे आकडे दिसतात त्यात गणिताची चूक काहीच नाही.

कारकिर्दीचा आकडा काढताना आणखी एक चूक हमखास होते. खेळाडू दहा वर्षं खेळला, म्हणून लीगच्या दहा वर्षांच्या सरासरीची बेरीज करून दहानं भागायचं. असं करू नये. प्रत्येक वर्षाच्या लीग आकड्याला खेळाडूच्या त्या वर्षीच्या पाळ्यांचं वजन द्यायला हवं (स्लगिंगला अ‍ॅट-बॅटचं). समजा एका वर्षी त्याच्या ८० पाळ्या, लीगची ऑन-बेस .३४५ आणि स्लगिंग .४३०, दुसऱ्या वर्षी फक्त २० पाळ्या, लीग.३२० आणि .३९०. अ‍ॅट-बॅटही त्याच प्रमाणात धरू. वजन देऊन लीगची ऑन-बेस येते .३४० आणि स्लगिंग .४२२. पिचरची कारकिर्दीची ऑन-बेस .२०४ आणि स्लगिंग .२११ असेल, तर .६० अधिक .५० वजा १, म्हणजे ओपीएस प्लस १०. वजन न देता नुसतं दोननं भागलं असतं तर लीगचे आकडे .३३३ आणि .४१० झाले असते आणि उत्तर १३ आलं असतं. दोन वर्षांत तीनचा फरक. वीस वर्षं खेळलेल्या पिचरच्या बाबतीत हा हिशेब पुरता भरकटतो, कारण पिचरच्या पाळ्या सगळ्या वर्षांत सारख्या वाटलेल्या नसतातच.

बार्तोलो कोलोन घ्या. १९९७ ते २०१८, एकवीस हंगाम, २४७ विजय. त्यातली बरीचशी वर्षं अमेरिकन लीगमध्ये, जिथं त्याला बॅट धरायचं कारणच नव्हतं. कारकिर्दीच्या २९९ अ‍ॅट-बॅटपैकी निम्म्याहून जास्त २०१४ ते २०१६ या न्यू यॉर्क मेट्सच्या तीन वर्षांतल्या. म्हणजे तुलनेची पट्टी मुख्यतः त्या तीन वर्षांतल्या नॅशनल लीगची हवी. अमेरिकन लीगमधल्या हंगामांत जी थोडी अ‍ॅट-बॅट आली, ती बव्हंशी १९९७ पासून सुरू झालेल्या आंतरलीग सामन्यांत, नॅशनल लीगच्या मैदानांवर.

कोलोनचे आकडे: २९९ अ‍ॅट-बॅट, २५ हिट, सरासरी .०८४, स्लगिंग .१०७. २०१४ साली ६२ अ‍ॅट-बॅटमध्ये २ हिट. कारकिर्दीतला एकुलता एक वॉक मिळाला ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. लीगची स्लगिंग .४०० धरली तर त्याची साधारण पाव. ऑन-बेस .१०० च्या आत, म्हणजे लीगच्या एक तृतीयांशाहून कमी. पाव अधिक एक तृतीयांशाहून कमी वजा एक: उणे चाळिसाच्याही खाली. पिचरांच्या रांगेतही तो मागेच राहतो, कारण त्या तीन वर्षांत सगळ्या पिचरांची मिळून सरासरी .१२० ते .१३५ च्या दरम्यान होती. आणि तरीही ७ मे २०१६ ला सॅन दिएगोत जेम्स शील्ड्सच्या चेंडूवर त्यानं मारलेला होम रन त्या हंगामात सगळ्यात जास्त प्रेमानं पाहिला गेलेल्या फटक्यांपैकी एक असावा. पहिला होम रन मारणारा इतक्या वयाचा खेळाडू मेजर लीगनं त्याआधी पाहिला नव्हता. त्रेचाळिशी पुरी व्हायला त्याला जेमतेम अडीच आठवडे उरले होते. आकड्यांवर माया असणाऱ्याला इथं थांबावंसं वाटतं. .१०७ मधल्या एकूण ३२ बेसपैकी ४ त्या एका फटक्यातले आहेत.

पिचरच्या बॅटिंगवर बोलताना उणिवेची आणखी एक जागा आहे, नमुना लहान असण्याची. पूर्ण हंगाम खेळलेल्या आधुनिक पिचरलाही साठ-सत्तरच अ‍ॅट-बॅट मिळत. .१५० ची खरी कुवत असलेला पिचर ६० अ‍ॅट-बॅटमध्ये किती हेलकावे खाईल ते काढता येतं: .१५० गुणिले .८५०, भागिले ६०, त्याचं वर्गमूळ, म्हणजे .०४६. एखाद्या वर्षी त्यानं .२४० केली तरी ती नुसत्या नशिबानंही होऊ शकते, आणि दुसऱ्या वर्षी .०६० सुद्धा. वॉल्टर जॉन्सननं १९२५ साली ९७ अ‍ॅट-बॅटमध्ये .४३३ केली, कारकीर्द मात्र .२३५ ची. बॉब बूलनं १९६२ साली ७० अ‍ॅट-बॅटमध्ये एकही हिट मिळवला नाही. बूल बॅटिंगला वाईट होताच. पण पूर्ण शून्य यायला वाईट असण्याच्या जोडीला दुर्दैवही लागतं. पिचरच्या एका हंगामावरून काही ठरवू नये, हे त्यामुळंच. फेरेलच्या कारकिर्दीतल्या ११७६ अ‍ॅट-बॅटना हाच हिशेब लावला तर हेलकावा .०१३ इतकाच उरतो. त्याचे १०० नशिबाचे नाहीत.

मैदानाचंही पाहावं लागतं. माइक हॅम्प्टननं कारकिर्दीत १६ होम रन मारले, त्यातले ७ एकट्या २००१ साली, कोलोरॅडो रॉकीजकडून. डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंच. विरळ हवेत चेंडू लांब जातो. हॅम्प्टन फलंदाज म्हणून चांगलाच होता, पिचरांतला सर्वोत्तम फलंदाज म्हणून त्याला सिल्व्हर स्लगर लागोपाठ पाच वर्षं मिळाला. पण त्या वर्षीची .२९१ तशीच्या तशी दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

एक साधी पण नेहमीची फसगत राहिली. पिचरच्या पानावर सरासरी म्हणून जो आकडा दिसतो, तो बहुधा त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांची सरासरी असते. .२४० पाहून ‘वा, काय फलंदाज!’ म्हणण्याआधी वरचा मथळा वाचावा.

परत फेरेलकडे. ११७६ अ‍ॅट-बॅट, ३२९ हिट, सरासरी .२८०, ३८ होम रन. आता एकाच आकड्याला दोन पट्ट्या लावून पाहू. रोजच्या फलंदाजांची सरासरी सोयीसाठी .२८० धरली, तर त्यांच्यातल्या कुणीही ११७६ अ‍ॅट-बॅटमध्ये ३२९ च हिट केले असते. फेरेलची कमाई: शून्य. त्या काळच्या पिचरांची सरासरी गोळाबेरीज .२०० धरली, तर त्यांच्यातल्या एखाद्यानं २३५ केले असते. फेरेलची कमाई: ९४ हिट. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पहिलं सांगतं तो किती चांगला फलंदाज होता, दुसरं सांगतं संघाला त्याचा किती फायदा झाला. संघाला नवव्या जागी पिचरच पाठवायचा होता. फेरेल नसता तर त्या जागी दुसरा पिचर आला असता, पहिल्या बेसवरचा धिप्पाड फलंदाज नव्हे. माझ्या मते पिचरच्या बॅटिंगचं मोल विचारलं असेल तर दुसरी पट्टीच खरी, आणि पहिली फक्त थक्क व्हायला.

थक्क व्हायला आणखी एक तुलना आहे, आणि ती त्याच्या घरातलीच. वेसचा थोरला भाऊ रिक फेरेल कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा, क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) होता. १९२९ ते १९४७ खेळला, ६०२८ अ‍ॅट-बॅट, सरासरी .२८१, होम रन २८. वेसच्या पाचपटीहून जास्त अ‍ॅट-बॅट, आणि होम रन दहा कमी. रिकचा ओपीएस प्लस ९५. म्हणजे रोज बॅटिंग करणारा भाऊ सरासरीच्या किंचित खाली आणि चार दिवसांतून एकदा मैदानात येणारा भाऊ बरोबर सरासरीवर. रिकची बाजू मांडायला हवी: त्याची ऑन-बेस .३७८ होती, वेसची .३५१, स्लगिंगमध्ये मात्र वेस.४४६ आणि रिक .३६३. ओपीएस या दोघांना सारखं वजन देतो, प्रत्यक्षात धावा होण्यात ऑन-बेसचा वाटा स्लगिंगहून मोठा असतो. म्हणून दोघांमधलं अंतर ओपीएस प्लस दाखवतो त्याहून कमी असावं. १९८४ मध्ये रिक हॉल ऑफ फेममध्ये गेला. वेस गेला नाही.

दोघे भाऊ समोरासमोर आले तो २९ एप्रिल १९३१ चा दिवस आकड्यांच्या दृष्टीनंही विलक्षण आहे. वेस क्लीव्हलंडकडून पिचिंग करत होता, रिक सेंट लुईस ब्राउन्सचा कॅचर. ब्राउन्सना अजून एकही हिट मिळाला नव्हता. आठव्या डावात रिकनं शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे जोरात चेंडू मारला आणि तो पहिल्या बेसवर पोचला. स्कोररनं नोंद केली, क्षेत्ररक्षकाची चूक. ती हिट नोंदली असती तर धाकट्याचा नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेला सामना) गेला असता. चूक नोंदली, म्हणून थोरल्याच्या खात्यावर एक अ‍ॅट-बॅट चढली आणि हिट नाही. बेसवर उभा राहूनही हिशेबात तो बाद. स्कोररच्या एका निर्णयानं दोन्ही भावांचे रकाने एकाच वेळी हलले. वेसनं नो-हिटर पूर्ण केला, आणि त्याच सामन्यात एक होम रन व एक डबल मारून चार धावा मिळवून दिल्या. त्या हंगामात त्याचे ९ होम रन झाले. पिचर म्हणून खेळताना एका हंगामात इतके कुणी मारलेले नव्हते.

१९३५ हे त्याचं सगळ्यात मोठं वर्ष. बॉस्टनकडून २५ विजय, आणि बॅटिंगमध्ये १५० अ‍ॅट-बॅट, ५२ हिट, सरासरी .३४७, ७ होम रन. त्या वर्षीचा कॅचर रिकच. पण १५० अ‍ॅट-बॅट सगळ्या पिचर म्हणून आलेल्या नव्हत्या, आणि ‘पिचरची बॅटिंग’ आणि ‘पिचरने पिचर म्हणून खेळताना केलेली बॅटिंग’ हा फरक इथं पाळावा लागतो. फेरेल हरघडी पिंच हिटर म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी पाठवलेला फलंदाज म्हणून येई. १९३३ मध्ये खांदा दुखत असताना तो काही सामने आउटफिल्डमध्येही खेळला. कारकिर्दीच्या बेरजेत हे सगळं मिसळलेलं असतं. त्याच्या ३८ होम रनपैकी पिचर म्हणून खेळताना मारलेले ३७, आणि तोच विक्रम आहे. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर आला. २०२१ या शेवटच्या हंगामात सगळ्या पिचरांची मिळून सरासरी .११० होती. पिचर असून फलंदाजही असलेला शोहेई ओतानीसारखा एखादा अपवाद सोडला, तर त्या ३७ च्या जवळ आता कुणी जायचं नाही.

उरलेला अडतिसावा २१ जुलै १९३५ चा. बॉस्टनचं फेनवे पार्क, समोर डेट्रॉइट, शेवटचा डाव, बॉस्टन मागे. पाळी होती पिचर लेफ्टी ग्रोव्हची. त्याच्या जागी फेरेलला पाठवलं, आणि त्यानं तीन धावांचा होम रन मारून तिथंच सामना संपवला. दुसऱ्या दिवशी ब्राउन्सविरुद्ध तो स्वतः पिचिंगला उभा राहिला, बरोबरीत आलेल्या सामन्यात शेवटी स्वतःच होम रन मारला, आणि २-१ असा जिंकला. पहिल्या दिवसाचा फटका पिंच हिटरच्या ओळीत जातो, दुसऱ्या दिवसाचा पिचरच्या ओळीत.